मराठी मजकूर ऑनलाइन टाकताना या चुका टाळा

दर दिवाळीला एखाद्या तरी ऑनलाइन अंकाचं काम माझ्याकडे येतं आणि दरवेळी त्याच चुका सापडतात. त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुने फॉन्ट.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका अंकाची पीडीएफ वाचकांना पाठवली. मांडणी माझी होती. दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. त्यांना दिसत नाही, त्या स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून ऐकतात. “अहो, अंक इंग्रजीत काढलात का? सकाळपासून नुसती एबीसीडी ऐकतेय.” मी एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली, तेव्हा कळलं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, नव्हताच. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांनाच मराठी वळण चढवलेलं असतं. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच एवढाच असतो. बघणाऱ्याला मराठी दिसतं, ऐकणाऱ्याला आतलं ऐकू येतं.

कन्व्हर्टरने मिनिटभरात युनिकोड करून दिलं, पण वेलांट्या सरकल्या आणि ‘सुऱ्या’चं ‘सुर्या’ झालं. तीन रात्री बसून मी पानन् पान तपासलं. तेव्हापासून लेखकाकडून जुन्या फॉन्टमधली फाइल आली की मी ती परत पाठवतो. “छापायला चालतं की” हे उत्तर मला मान्य नाही.

दुसरी चूक कवितेचं चित्र करून टाकण्याची. फुलांच्या फोटोवर पांढऱ्या अक्षरात कविता, खाली मजकूर काहीच नाही. स्क्रीन रीडर ‘इमेज’ म्हणतो किंवा फाइलचं नाव वाचतो आणि पुढे जातो. मोबाइलवर ते चित्र मोठं केलं तर ओळी कडेने बाहेर जातात. चित्र ठेवा, पण कविता खाली टाइप करा. फोटो असेल तर पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या ‘ऑल्ट टेक्स्ट’च्या रकान्यात) एक वाक्य लिहा: ‘वारीत तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली बाई’. फोनवर मावशीला सांगाल तसं. निव्वळ वेलबुट्टी असेल तर तो रकाना रिकामा सोडा.

वेबपानाच्या सेटिंगमध्ये भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लावा. तयार थीममध्ये ती बहुधा इंग्रजी असते, आणि स्क्रीन रीडरचे काही इंग्रजी आवाज देवनागरी चक्क गाळतात.

अक्षर ठळक केलं म्हणजे शीर्षक होत नाही. शीर्षकाची शैलीच वापरा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारे ‘एच’ दाबत शीर्षकांवरून उड्या मारतात.

‘इथे क्लिक करा’ नको. दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला दहा वेळा तेच ऐकू येतं. ‘अंकाची अनुक्रमणिका’ असं लिहा.

फिकट राखाडी अक्षरं नकोत. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ एवढा कॉन्ट्रास्ट हवा. ओळींमधलं अंतर मी दीडपटीहून कमी ठेवत नाही, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. आणि अक्षरांमध्ये अंतर घालू नका, शिरोरेषा तुटते.

घाईत असलेले नवे लोक विचारतात, “साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून कोपऱ्यात बसवायचं ते तयार बटण मिळतं ना?” मिळतं. पण त्याने चित्रातली कविता टाइप होत नाही की जुना फॉन्ट नीट सुधारत नाही. मी ते काढायलाच लावतो.

त्यापेक्षा एनव्हीडीए उतरवून घ्या. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी ते सुरू केलं. करन स्वतः दृष्टिहीन आहेत. एनव्हीडीए फुकट आहे आणि त्यातला ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. आवाज यांत्रिक वाटेल, दोन दिवसांत कान सरावतो. प्रकाशित करण्याआधी मी माउस बाजूला ठेवतो, स्क्रीन बंद करतो आणि अनुक्रमणिकेपासून पहिला लेख संपेपर्यंत ऐकतो. जिथे अडखळतो तिथे वहीत खूण करतो. गेल्या अंकात अशा एकवीस खुणा झाल्या, त्यातल्या नऊ एकट्या अनुक्रमणिकेत होत्या.