वकिलाच्या ऑफिसातलं ज्ञान कपाटात अडकतं तेव्हा: या चुका टाळा

दादरच्या एका गृहनिर्माण संस्थेची कमिटी पुनर्विकासाच्या कामासाठी फोर्टमधल्या आमच्या ऑफिसात आली होती. मी तेव्हा ज्युनिअर होते. सचिवांनी विचारलं, "माहीमच्या सोसायटीचं काम तुम्हीच केलंत ना? बिल्डरनं सभासदांच्या तात्पुरत्या घरांचं भाडं मध्येच थांबवलं तर काय, हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला?"

काम आम्हीच केलं होतं. नोंदणी झालेला करार कपाटात होता, त्यात बँक गॅरंटीचं कलमही होतं. पण बिल्डर आधी काय म्हणत होता, कुठे अडला, सोसायटीनं काय सोडून काय मिळवलं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ते काम ज्या वकीलबाईंनी केलं त्या दुसऱ्या फर्ममध्ये गेल्या होत्या. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्या तासांचे पैसे दादरच्या सभासदांनी भरले. ऑफिसला एकदा कळलेल्या गोष्टीसाठी दुसऱ्या अशिलाकडून पुन्हा पैसे घेतले गेले, हे मला आजही लागतं.

आता माझं निम्मं काम हेच आहे: ऑफिसात एकाला कळलेलं दुसऱ्याच्या हाताशी राहील अशी व्यवस्था लावणं. मोठ्या फर्ममध्ये याला नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात आणि त्यासाठी वेगळे वकील नेमतात. पाच-सात वकिलांच्या ऑफिसात ते कुणाच्याच वाट्याला येत नाही. पुढे लिहिते आहे ते मुख्यतः अशा ऑफिसांसाठी.

करार जपला, त्यामागचं कारण नाही

काम संपलं की अंतिम प्रत स्कॅन होते, मूळ कागद अशिलाला परत जातात आणि फाइल कपाटात जाते. कलम वाचता येतं, पण ते तसंच का लिहिलं ते कळत नाही.

पुनर्विकासात हे सगळ्यात जास्त जाणवतं. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्यात बिल्डर निवडीचा क्रम दिला आहे. तो कमिटीतले निवृत्त बँक अधिकारीसुद्धा वाचून येतात. वकिलाकडे ते येतात पुढच्या प्रश्नांसाठी. भाडं किती महिन्यांचं आगाऊ मागायचं? बँक गॅरंटी कोणत्या टप्प्यावर किती सोडायची? काम रखडलं तर करार रद्द करायचा हक्क कधी वापरता येईल? ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसताना ताबा घ्या म्हणून बिल्डर मागे लागला तर? याची उत्तरं वाटाघाटीत मिळतात आणि बैठकीला बसलेल्या दोन-तीन माणसांपुरतीच राहतात.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. काम संपताना एक पान लिहायचं: अशिलाला काय हवं होतं, कुठे अडलं, कसं सुटलं, आणि पुन्हा हेच काम आलं तर आपण काय वेगळं करू. वीस मिनिटांत होतं. हे पान मी शेवटच्या बिलाची अट करून टाकलं. पान फाइलला लागल्याशिवाय बिल निघत नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. मग त्याच लोकांना पुढच्या कामात आपलीच पानं उपयोगी पडली आणि कुरकुर थांबली. "मे महिन्याच्या सुट्टीत सगळं लावून घेऊ" असं मात्र ठरवू नका. डिसेंबरातल्या बैठकीत काय झालं ते मे महिन्यात कुणालाही आठवत नाही.

सगळं काकांनाच माहीत

मुंबईच्या वकिली ऑफिसात जुना कारकून म्हणजे अर्धं ऑफिस. आमच्या काकांना हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावा थेट हायकोर्टातच सुरू होतो) दावा दाखल करताना काय काय ऑब्जेक्शन निघेल ते कागद चाळूनच कळायचं: या पानाची झेरॉक्स फिकट आहे, या मराठी ठरावाचं भाषांतर जोडलेलं नाही, वकालतनाम्याला वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट राहिलं. ते निवृत्त होऊन कुडाळला गेले आणि पुढचे सहा महिने आम्ही त्यांना फोन करत राहिलो.

आमची चूक निरोपाच्या आठवड्यात झाली. आम्ही त्यांच्या हातात वही दिली आणि म्हटलं, "काका, सगळं लिहून ठेवा." त्यांनी दोन पानं लिहिली, ती सगळी फोन नंबरांची. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला आपल्याला काय येतं ते वेगळं काढून दिसत नाही, ते त्याच्या हातात मुरलेलं असतं. म्हणून त्याला लिहायला सांगायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं. ऑब्जेक्शन निघालेल्या तीन जुन्या फाइली समोर ठेवायच्या आणि विचारायचं, "हे तुम्हाला कशावरून कळलं असतं?" उत्तर ज्युनिअरनं लिहायचं. आठवड्याला अर्धा तास, आणि निवृत्तीच्या निदान वर्षभर आधीपासून.

सीनिअर कौन्सिलच्या (युक्तिवादासाठी नेमलेल्या ज्येष्ठ वकिलांच्या) कॉन्फरन्सचंही तसंच आहे. त्यांनी दिलेला सल्ला सगळे टिपून घेतात. त्यांनी आधी कोणते प्रश्न विचारले ते कुणी लिहीत नाही, आणि पुढच्या वेळी ब्रीफ तयार करताना नेमके तेच लागतात.

तुमच्याकडे ही अडचण आहे का, ते ओळखणं सोपं आहे. एक माणूस रजेवर गेला की फाइलिंग पुढे जातं का, एवढंच बघा.

जुन्या मसुद्यावर नवं नाव

मागच्या कामाची फाइल उघडायची, नवं नाव टाकायचं आणि प्रिंट काढायची, ही सवय सगळ्यांना आहे. त्यातून दुसऱ्या अशिलाचं नाव सातव्या पानावर राहून जातं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याहून मोठा धोका कायदा बदलल्यावर होतो.

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. गुन्हा रद्द करून घ्यायचा अर्ज त्याखाली व्हायचा. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता, आणि अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले. म्हणजे जुन्या मसुद्यातला आकडा चुकलेला वाटतच नाही. तो ओळखीचा असतो, म्हणूनच तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचंही असंच. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलेलं नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतंच. त्यानंतर अनेक ऑफिसांनी एक नमुना करून ठेवला. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञानं भरायचा आहे आणि हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडे-अक्षरांचा ठसा) लिहायची आहे. २०२० च्या नमुन्यात यातलं काही नाही.

जुने नमुने सरसकट काढूनही टाकू नका. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते. जुन्याचा फोल्डर वेगळा, नव्याचा वेगळा. प्रत्येक नमुन्याला एक राखणदार वकील आणि वर ठळक तारीख: शेवटचा तपासला कधी. आणि नमुन्यात खऱ्या अशिलाचं नाव कधीच नको, रिकाम्या जागाच हव्यात.

तारीख नसलेलं टिपण

२५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं, एन. एन. ग्लोबल प्रकरणात, ठरवलं की मुद्रांक न भरलेल्या करारातलं लवादाचं कलम अंमलात आणता येत नाही. त्याच वर्षी १३ डिसेंबरला सात न्यायमूर्तींनी ते फिरवलं. जून २०२३ मध्ये कुणी मेहनतीनं टिपण केलं असेल तर ते सहा महिन्यांत उलटं झालं. स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपते हा एशियन रिसर्फेसिंगमधला २०१८ चा नियमही घटनापीठानं २९ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केला. तरी जुनं टिपण ऑफिसात फिरत राहतं, कारण ते छान लिहिलेलं असतं.

म्हणून टिपणाच्या डोक्यावर तीन ओळी हव्यातच: प्रश्न नेमका काय होता, कायदा कोणत्या तारखेपर्यंत पाहिला, कुणी पाहिला. वापरणाऱ्यानं त्या तारखेपासून पुढचं स्वतः शोधायचं.

एआयनं काढून दिलेल्या निवाड्यांना हाच नियम अधिक कडक लावा. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ मध्ये, माता विरुद्ध एव्हिआन्का प्रकरणात, अस्तित्वातच नसलेले निवाडे दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मूळ निवाडा उघडून वाचल्याशिवाय तो टिपणात घालायचा नाही.

मराठी शब्दांची इंग्रजी पुन्हा पुन्हा

याबद्दल कुणी बोलत नाही, पण मुंबईत हे रोज घडतं. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत आणि अशिलाचे कागद मराठीत: सातबारा, फेरफार, सोसायटीचं इतिवृत्त, आजोबांच्या हातची पावती. प्रत्येक ज्युनिअर आपापल्या परीनं भाषांतर करतो. 'वहिवाट' एका परिच्छेदात पझेशन होते, दुसऱ्यात नुसती यूज, आणि समोरचा वकील त्या फरकावरच उलटतपासणी उभी करतो. गिरगावातल्या चाळीच्या दाव्यात 'पागडी'चं कुणी डिपॉझिट केलं तर अशिलाची बाजूच बदलते. डिपॉझिट परत मिळायचं असतं, पागडी म्हणजे भाडेकरूचा हक्क घेताना एकदाच दिलेली रक्कम, तिची गोष्ट वेगळी, आणि भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नं तिला मान्यता दिलेली आहे.

आम्ही दोनेकशे शब्दांची यादी केली. प्रत्येक शब्दापुढे ठरलेला इंग्रजी शब्द, आणि जिथे अर्थ निसटतो तिथे मूळ मराठी शब्द रोमन अक्षरांत ठेवून एका ओळीत खुलासा करायचा असं ठरवलं. इतक्या वर्षांत केलेल्या कामातलं हे मला सगळ्यात प्रिय आहे. अशील जे म्हणाला तेच कोर्टापुढे गेलं पाहिजे.

व्हॉट्सॲप आणि सॉफ्टवेअर

ग्रुपवर निवाडे फॉरवर्ड होतात आणि दोन दिवसांत 'शुभ सकाळ'च्या ढिगाखाली जातात. ग्रुप बंद करायची गरज नाही. ज्यानं प्रश्न विचारला त्यानंच संध्याकाळी उत्तर ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायचं. महागडं सॉफ्टवेअर मात्र घाईनं घेऊ नका. फोल्डरला नावं कशी द्यायची यावर ऑफिसात एकमत नसेल तर सॉफ्टवेअरमध्येही तोच पसारा होतो.

वाटण्याच्या भरात गुपित बाहेर

अशिलानं विश्वासानं सांगितलेलं वकिलाला उघड करता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं १३२ आहे, आणि काम संपल्यावरही हे बंधन सुटत नाही. त्यामुळे वरचं एक पान लिहिताना नाव, फ्लॅट नंबर, रक्कम काढून टाका. घटस्फोट, कुटुंबातली वाटणी, लैंगिक अत्याचार अशा प्रकरणांत नाव काढूनही माणूस ओळखू येतो. तिथे फक्त कायद्याचा मुद्दा ठेवा. अशिलाचे कागद कुठल्याही खुल्या एआय ॲपमध्ये चिकटवू नका. आणि ऑफिसात ज्यांचं त्या कामाशी देणंघेणं नाही त्यांना मूळ फाइल उघडता येणार नाही असं करा. टिपण सगळ्यांचं असलं तरी फाइल सगळ्यांची नसते.

लिहिणाऱ्याच्या पदरात काय?

ज्युनिअर आपलं टिपण लपवतो त्याला स्वार्थी म्हणू नका. त्याची किंमत तासांवर होते आणि टिपण लिहिण्याचे तास बिलात येत नाहीत. वर त्याचं टिपण सीनिअरच्या नावानं जातं. टिपणावर त्याचं नाव राहू द्या, पगारवाढीच्या वेळी त्याची पानं मोजा. सीनिअरनं स्वतःचं, हरलेल्या प्रकरणाचं पान सगळ्यात आधी लिहिलं तर बाकीचे आपोआप लिहू लागतात, हे मी पाहिलं आहे.

अशिलापर्यंत पोचतच नाही

अंधेरीच्या एमआयडीसीत सुटे भाग करणारे एक कारखानदार आमच्याकडे चेक परत येण्याच्या तक्रारी घेऊन यायचे. दर वेळी उशिरा. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हाती आल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. तक्रारीतला उशीर कोर्ट सबळ कारणानं माफ करू शकतं. नोटिशीचे तीस दिवस उलटले तर चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेपर्यंत तो पुन्हा बँकेत भरणं एवढाच मार्ग या तक्रारीसाठी उरतो. आमच्या फाइलींत हे पन्नास वेळा लिहिलेलं होतं, पण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही त्यांना मराठीत एक पान करून दिलं: मेमोवर आल्याची तारीख आधी लिहा, पाकीट फेकू नका, चेक कशाच्या पैशांचा ते दाखवणारं बिल आणि चलन काढून ठेवा, त्याच आठवड्यात फोन करा. फी घेतली नाही. ते पान त्यांच्या हिशेबनीसबाईंनी टेबलाच्या काचेखाली लावलं. पुढच्या वेळी चेक परत आला तेव्हा चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला, आणि कागद सगळे तयार होते.