सैनिकाच्या नोंदीत पदक राहून गेलंय? रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करण्याआधी या चुका टाळा

कपाटातल्या डबीत 'पूर्वी स्टार', म्हणजे 1971 च्या पूर्व आघाडीचं पदक आहे आणि डिस्चार्ज बुकातल्या, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवापुस्तिकेतल्या, पदकांच्या पानावर मात्र फक्त संग्राम मेडल लिहिलंय, जे त्या लढाईच्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. किंवा मांडीवर गोळीची खूण आहे आणि कागदावर पराक्रम पदकाचा, म्हणजे शत्रूच्या कारवाईत जखमी झाल्याबद्दलच्या पदकाचा, पत्ता नाही. माजी सैनिकांच्या घरांत हे सर्रास दिसतं. पलटणी सतत हलत होत्या, क्लार्क बदलत होते, जवान रजेवर किंवा दवाखान्यात असताना ऑर्डरी निघत होत्या. फौजेतून सुटण्याच्या दिवशी हातात पडलेलं बुक नीट वाचायला कुणाला सवड नव्हती, गावाची ओढ होती. ही नोंद नंतरही दुरुस्त होते. पण अर्ज बहुतेक वेळा त्याच त्या कारणांनी अडकतो, आणि त्यातली जवळजवळ सगळी कारणं अर्ज टाकण्याआधीच दूर करता येतात.

सगळी पदकं एकाच माळेत ओवू नका

'वडिलांची सगळी पदकं मिळावीत' असा अर्ज गेला की तो कुणाच्या टेबलावर ठेवायचा हेच तिथे कळत नाही. पदकांच्या जाती वेगळ्या आणि त्यांचे पुरावेही वेगळे. वीरचक्र, शौर्यचक्र, सेना मेडल यांची घोषणा नावानिशी होते आणि ती भारताच्या राजपत्रात छापली जाते, त्यामुळे पुरावा शोधायचा तो तिथे. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, समर सेवा स्टार, रक्षा मेडल, ऑपरेशन विजय स्टार ही मोहिमेची पदकं. ती नियमाने मिळतात: अमुक काळात, अमुक भागात, अमुक दिवस हजर असलेल्या प्रत्येकाला. इथे राजपत्रात नाव शोधत बसणं व्यर्थ आहे. इथे लागते ती युनिटने काढलेली पार्ट टू ऑर्डर. बदली, रजा, बढती, लग्न, मुलांचे जन्म, सगळं ज्या ऑर्डरीवरून सर्व्हिस रेकॉर्डमध्ये चढतं, तीच पदकालाही चढवते. लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्र ही तिसरी गोष्ट. ते मानाचं आहे, पण ते सेना मेडल नव्हे, आणि त्याच्या जोरावर मेडल मागितलं तर नकारच येणार.

सेना मेडलबाबत आणखी एक घोटाळा होतो. ते शौर्यासाठीही दिलं जातं आणि विशिष्ट सेवेसाठीही. मासिक भत्ता फक्त शौर्याच्या सेना मेडलला आहे, 1 ऑगस्ट 2017 पासून महिना 2000 रुपये. नोंदीत नुसतं 'सेना मेडल' असेल तर राजपत्रातला मजकूर काढून कोणतं ते आधी पक्कं करा.

काही घरांत मुळात हरवलेलं काहीच नसतं. सामान्य सेवा मेडल 1947 एकाच माणसाला दोनदा मिळत नाही. ज्याच्याकडे ते आधीपासून होतं आणि जो 1961 साली गोव्याच्या कारवाईतही होता, त्याला 'गोवा 1961' असा क्लॅस्प मिळतो, म्हणजे त्याच फितीवर बसवायची नावाची पट्टी. सैन्य सेवा मेडलचंही तसंच: जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय या पट्ट्या. अशा वेळी 'गोव्याचं पदक राहिलं' असं लिहिण्याऐवजी 'अमुक मेडलवर अमुक क्लॅस्पची नोंद नाही' असं लिहा.

पलटण लढली म्हणजे माणूस तिथे होता, असं धरू नका

ही सगळ्यात जास्त भोवणारी चूक, आणि ती प्रेमापोटी होते. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फंट्री, डिसेंबर 1971 मध्ये जमालपूरला लढली. त्या पलटणीचा जवान म्हणून आजोबांना पूर्वी स्टार मिळायलाच हवा, असं घरचे म्हणतात. पण त्याच महिन्यात आजोबा बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये रिक्रूटांना शिकवत असतील, लांब कोर्सला असतील किंवा मिलिटरी हॉस्पिटलात असतील, तर त्यांना संग्राम मेडल मिळेल, पूर्वी स्टार नाही. पदक माणसाच्या हजेरीवर ठरतं.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. कित्येक जवान आपली पलटण सोडून दुसरीकडे अ‍ॅटॅच, म्हणजे तात्पुरते जोडलेले होते, आणि त्यांची पदकं तिथेच राहून गेली. राष्ट्रीय रायफल्समधल्या जवानांचं हे फार होतं. नोकरी काश्मीरमध्ये आरआरला, रेकॉर्ड मात्र मूळ रेजिमेंटचं. आरआर युनिटची ऑर्डर मूळ रेकॉर्ड ऑफिसपर्यंत पोहोचली नाही तर पान कोरंच राहतं. म्हणून अर्जाआधी एका कागदावर सेवेचा तक्ता मांडा: कोणत्या सालात, कोणत्या युनिटमध्ये, कोणत्या कंपनीत, कुठल्या भागात. आजोबा हयात असतील तर त्यांच्या शेजारी बसून हे करा. साल आठवत नसेल तर कंपनी कमांडरचं नाव आठवतं, कुठल्या पुलावर पहारा होता ते आठवतं, आणि त्यावरून साल लागतं.

पराक्रम पदकाचा दावा असेल तर जखम शत्रूच्या कारवाईत झाली होती हे कागदावर दिसलं पाहिजे. नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतली जखम) अशी आहे की 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर अपघात किंवा आजार) अशी, यावर बरंच ठरतं. आघाडीवर असताना गाडी उलटून हात मोडला तर सरकार त्याची दखल वेगळ्या रीतीने घेतं, या पदकाने नाही.

नंबर आणि नाव

जवानाचा सुभेदारीपर्यंत प्रवास झाला की नंबर बदलतो. जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार किंवा त्यावरचा हुद्देदार, झाल्यावर 'जेसी' ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. शिपाई असताना कमावलेल्या पदकाची ऑर्डर मात्र जुन्या नंबरावर असते. घरातल्या पेन्शनच्या कागदांवर फक्त नवा नंबर असतो, तोच अर्जात जातो आणि 'नोंद आढळत नाही' असं उत्तर येतं. दोन्ही नंबर लिहा, शेवटच्या अक्षरासकट.

नावाचं तर विचारू नका. भरतीच्या वेळी नुसतं 'तुकाराम पाटील' लिहिलं गेलं, आधारवर 'तुकाराम बापू पाटील', बँकेत आणखी वेगळं इंग्रजी स्पेलिंग. अर्जात नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच, चुकीच्या स्पेलिंगसकट लिहा आणि आजचं नाव शेजारी द्या. नावाची दुरुस्ती आणि पदकाची दुरुस्ती एकाच अर्जात मागू नका, एक अडलं की दुसरंही अडतं. जिल्ह्याचं नावही तपासा. रेकॉर्डवर उस्मानाबाद किंवा अहमदनगर असेल तर धाराशिव किंवा अहिल्यानगर लिहिताना जुनं नाव सोबत राहू द्या.

मूळ कागदाला हात लावू नका

डिस्चार्ज बुकात राहिलेलं पदक कुणी तरी भावनेच्या भरात निळ्या बॉलपेनने लिहून टाकतं. त्या एका ओळीने अख्खं बुक संशयाच्या भोवऱ्यात सापडतं. खऱ्या नोंदीला ऑर्डरीचा नंबर असतो, तारीख असते, सही आणि शिक्का असतो. लॅमिनेशनही नको, कारण दुरुस्ती मंजूर झाली तरी त्या पानावर सही-शिक्का करायला जागाच उरत नाही. रंगीत स्कॅन करून ठेवा, अर्जाला साक्षांकित झेरॉक्स जोडा, आणि मूळ बुक लेखी मागितल्याशिवाय पाठवू नका.

पदक हातात असेल तर भिंगाने त्याची कड आणि मागची बाजू बघा. सरकारकडून आलेल्या पदकावर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं सापडतं. ते सापडलं तर त्याचा जवळून फोटो काढून अर्जाला जोडा, हा उत्तम पुरावा आहे. पदक बाजारातून आणलेलं असेल तर त्यावर काही नसेल, आणि त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही.

अर्ज कुठे आणि कसा

बँक, पेन्शनचं स्पर्श पोर्टल किंवा तहसील कार्यालय यांच्या हातात ही दुरुस्ती नाही. ती होते रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला. नौसैनिकांचं मुंबईत, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. स्पर्शचा संबंध शौर्यपदकाच्या भत्त्यापुरता, तोही नोंद झाल्यानंतर.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवलात तर साक्षांकन तिथेच होतं आणि जावक क्रमांक मिळतो. त्याला पैसे पडत नाहीत. 'मेडल काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे आणि मूळ कागद दोन्ही देऊ नका.

मजकूर लहान ठेवा. देशसेवेचं वर्णन मनापासून असतं, पण क्लार्कला त्यातून नंबर शोधावा लागतो. असं लिहा, शक्यतो हिंदीत किंवा इंग्रजीत: 'नंबर अमुक, नाईक अमुक, डिसेंबर 1971 मध्ये पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ब्राव्हो कंपनीत जमालपूर भागात हजर. डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारची नोंद नाही. पार्ट टू ऑर्डर निघाली असल्यास प्रत द्यावी व नोंद करावी. निघाली नसल्यास प्रसिद्ध करावी.' शेवटची दोन वाक्यं गाळू नका. त्यामुळे 'नोंद नाही' एवढ्यावर उत्तर संपवता येत नाही, पुढचं पाऊलही सांगावं लागतं.

नकार आला तर

'नोंद आढळत नाही' या उत्तराने खचू नका. माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून शीट रोलची (जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्राची) आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरींची प्रत मागा. बदल्यांच्या तारखा त्यात असतात, आणि पदकाचा हक्क त्या तारखांवरूनच सिद्ध होतो. 'दिवस कमी पडतात' असं उत्तर असेल तर दिवस स्वतः मोजा. मधली रजा, दवाखाना, अ‍ॅटॅचमेंट कशी धरली आहे ते विचारा.

'कागदपत्रं नष्ट केली' हे उत्तर सगळ्यात कठीण. पेन्शन न घेता सुटलेल्यांची सेवेची कागदपत्रं 25 वर्षांनंतर नियमाप्रमाणे नष्ट केली जातात. 1962, 1965 आणि 1971 च्या लढाया लढून लवकर घरी आलेल्या कितीतरी साध्या माणसांचं रेकॉर्ड असं गेलं आहे, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण लढाईत ते कुणाहून कमी नव्हते. पण लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्या सगळ्यांच्या थोडक्यात नोंदींची वही, जपून ठेवलेला असतो. त्याचा उतारा नावानिशी मागा. मग घरातली पेटी उघडा. रजेचा पास, मिलिटरी हॉस्पिटलची चिठ्ठी, मनीऑर्डरची पावती, आणि विशेषतः जुनी पत्रं. पूर्व भागातल्या फौजेची टपाल 99 एपीओच्या (फौजी टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर चाले, बाकीच्यांची 56 एपीओच्या. 1971 च्या हिवाळ्यातल्या आंतर्देशीय पत्रावर नंबर, कंपनी आणि '99 एपीओ' लिहिलेलं असेल तर माणूस कुठे होता हे ते पत्र सांगतं. एकट्या पत्रावर भागणार नाही. त्याच कंपनीतल्या सोबत्याचं प्रतिज्ञापत्र जोडा, त्याच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकाच्या प्रतीसह. असे सोबती आता सत्तरीच्या पुढे आहेत. अर्जाचं नंतर बघू, प्रतिज्ञापत्र या महिन्यात करून घ्या.

सैनिक हयात नसेल तर पत्नीच्या नावाने अर्ज जावा, आणि तिचं नाव रेकॉर्डवर आहे ना हे आधी पाहा. लग्नाची पार्ट टू ऑर्डरच निघाली नसेल तर ते काम पहिलं.

रेकॉर्ड ऑफिसने अंतिम नकार दिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईत बसतं. तिथे जाण्याआधी खात्याकडे दाद मागितल्याचा पुरावा लागतो, म्हणून प्रत्येक अर्जाची पोच आणि स्पीड पोस्टची पावती जपा. अंतिम उत्तर हाती आल्यापासून सहा महिन्यांची मुदत धरा. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नका.

दुरुस्त बुक परत आलं की पोस्टमन दारात असतानाच पदकांचं पान उघडा. पदकाचं पूर्ण नाव, क्लॅस्प, ऑर्डरीचा नंबर, तारीख, सही, शिक्का, सगळं आहे का बघा. एखादी गोष्ट राहिली असेल तर त्याच आठवड्यात, त्याच संदर्भ क्रमांकाने कळवा. आणि त्या पानाची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन तिथलीही नोंद बदलून घ्या.