दक्षिणेकडे तोंड केलं की माझं उजवं-डावं उलटं व्हायचं

पोलीस भरतीच्या सरावात दिशा-अंतराचे मार्क माझे हमखास जायचे. एक गणित पाहा: दक्षिणेला ४ किमी, उजवीकडे वळून १२, पुन्हा उजवीकडे ९; तर निघालो तिथून किती दूर, कोणत्या दिशेला? दक्षिणेच्या रेषेवरून मी कागदाच्या उजव्या अंगाला, म्हणजे पूर्वेला गेलो. तिथून उजवीकडे वळलो तर पुन्हा दक्षिणच. शेवटी ३१३ चं वर्गमूळ हातात! पर्यायांत काही ते सापडेना.

आमचं गाव यावल तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. केळीला पाणी भरताना काका म्हणाले, "अरे, डोंगराला पाठ करून उभा राहा न बघ." राहिलो. तोंड तापीकडे, आणि उजवा हात पश्चिमेला, जिकडे तापीचं पाणी वाहत जातं तिकडे. कागदाची उजवी बाजू नि माझा उजवा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं. (बारावी झालेल्या माणसाला हे बांधावर कळावं!)

आता दर वळणाला कागदच फिरवतो, चालायची दिशा कायम माझ्यासमोर वर ठेवतो. उत्तर-दक्षिणेचा हिशेब वेगळा, पूर्व-पश्चिमेचा वेगळा. वरच्या गणितात ९ वजा ४, म्हणजे उत्तरेला ५, पश्चिमेला १२. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचं ५-१२-१३ हे त्रिकूट पाठच आहे: १३ किमी, वायव्य.

सावलीची गणितंही याच युक्तीने सुटतात. सकाळी सावली पश्चिमेला पडते. ती उजव्या हाताला असेल तर तोंड दक्षिणेकडे, म्हणजे पुन्हा तापीकडेच. परीक्षेत मात्र कागद गरगर फिरवताना शेजारचा वळून बघतो, तेवढं सोसावं लागतं.