मातकट रंगांनी घर रंगवायचंय? मग आधी फरशीकडे बघा

सध्या ज्याच्या त्याच्या घरी मातकट रंग चाललेत. पांढऱ्याफटक भिंती आणि त्यात एक जांभळी नाहीतर पोपटी 'हायलाइट' भिंत हा प्रकार आता लोकांना नको झालाय, गव्हाळ, बदामी, वाळूचा, साईचा, फिकट विटकरी असलं काहीतरी हवंय आणि आपल्याकडच्या उन्हाला नि धुळीला हे रंग शोभतातही. फक्त हे रंग दिसायला जेवढे साधे तेवढेच निवडायला नखरेल असतात. गडद निळा कुठल्याही खोलीत निळाच दिसेल, पण तोच एक बेज हॉलमध्ये गुलाबट, बेडरूममध्ये पिवळट आणि पॅसेजमध्ये चक्क मळका दिसू शकतो. म्हणून शेडकार्ड सगळ्यात शेवटी उघडा.

सुरुवात फरशीपासून. भिंती दर पाच-सात वर्षांनी रंगवता येतात, फरशी कोण उखडतंय? बिल्डरने दिलेल्या त्या दोन बाय दोनच्या आयव्हरी टाइल्स असतील तर त्यांच्यावर एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि दिवसाच्या उजेडात बघा, इतके दिवस 'क्रीम'च वाटणारी टाइल कागदाशेजारी एकदम गुलाबीकडे किंवा पिवळ्याकडे झुकलेली दिसते. भिंतीचा रंग त्याच बाजूला झुकणारा घ्यायचा. गुलाबट टाइलवर पिवळट बेज लावला की टाइल उगाच घाणेरडी दिसते आणि मग बाई फरशी नीट पुसत नाहीत असं वाटायला लागतं. कोटा दगडाची फरशी असेल तर त्यात हिरवट करडी झाक असते, तिच्या शेजारी गुलाबी झाकेचा बेज अजूनच गुलाबी दिसतो, तिथे वाळूचा किंवा थोडा खाकीकडे जाणारा घ्या. शहाबादी करडी, तिला उबदार काहीही चालतं, फिकट विटकरी तर झकास. जुन्या घरातली मोझॅक टाइल असेल तर काम सोपं, तिच्यातल्या ठिपक्यांपैकी सगळ्यात फिकट रंग उचला आणि भिंतीला द्या. हाच कागद दारांना आणि वॉर्डरोबच्या लॅमिनेटलाही लावून बघा, लालसर पॉलिशची सागवानी दारं असतील तर भिंतीत पीच किंवा नारिंगी झाक अजिबात नको, सगळं एकत्र शिजल्यासारखं दिसतं.

मग उजेड. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, तो उजेड थंड, निळसर असतो, तिथे करड्याकडे झुकणारा बेज उदास दिसतो, म्हणून थोडा पिवळा किंवा तांबूसपणा असलेला घ्या. पश्चिमेच्या खोलीत उलट, दुपारी चारनंतर भिंत आपोआप सोनेरी होते, तिथे मुळातच पिवळा रंग लावलात तर संध्याकाळी डोळ्यावर येतो. खिडकीबाहेर मोठं झाड असेल तर हिरवी झाक आत येणार, समोरच्या सोसायटीची भिंत लाल असेल तर तीही येणार.

आणि ट्यूबलाइट! आपल्याकडे अर्ध्याहून जास्त बेज इथेच मरतात. घरोघरी तो ६५०० केल्विनचा पांढराफेक एलईडी असतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तेवढा उजेड पिवळसर, मोठा तेवढा निळसर), त्याच्याखाली कितीही महागाचा गव्हाळ रंग लावा, सरकारी ऑफिसातल्या भिंतीसारखाच दिसणार. मातकट रंग हवेत तर हॉल आणि बेडरूममध्ये २७०० ते ३००० केल्विनचे बल्ब, स्वयंपाकघरात आणि मुलांच्या टेबलाशी ४००० चालेल. घरातले मोठे लोक 'पिवळ्या दिव्यात दिसत नाही' म्हणतात ते रंगामुळे नसतं, उजेडच कमी पडतो म्हणून असतं, एकाच्या जागी दोन बल्ब लावा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर लिहिलेला मिळाला तर उत्तम, विटकरी आणि तपकिरी रंग त्यात खुलतात.

आता शेडकार्ड काढा. बऱ्याच कंपन्या प्रत्येक शेडचा एलआरव्ही देतात, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो याचा ० ते १०० असा आकडा. अंधाऱ्या पॅसेजला ७० च्या आसपास, हॉलला ५५-६५ चालतो, ३० च्या खालचे सगळे गडद, ते एखाद्याच भिंतीला. कार्डावरच्या दोन बोटांच्या चौकोनावरून ठरवू नका, पूर्ण भिंतीवर रंग एक-दोन पायऱ्या गडद वाटतो. सॅम्पलचा छोटा डबा आणा आणि थेट भिंतीवर न लावता जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा, कारण जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग खराच दिसत नाही. वाळल्यावर ती शीट आधी फरशीला टेकवून उभी करा, मग खिडकीसमोर, मग कोपऱ्यात, सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून. ओला रंग बघून पेंटरला थांबवू नका, इमल्शन वाळल्यावर बहुतेक वेळा थोडं गडद होतं.

गडद टेराकोटा किंवा कावेचा रंग एका भिंतीला द्यायचा असेल तर खिडकीसमोरची भिंत निवडा, उजेड तिच्यावर पडतो. खिडकी असलेल्याच भिंतीला दिलात तर दिवसभर ती काळपट दिसते. या रंगांचा एक मोठा फायदा म्हणजे गेरू, पिवळी माती वगैरे मुळात लोहाचे ऑक्साइड, वारली घरांच्या भिंती ज्या गेरूने सारवून वर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात तोच हा प्रकार, आणि लोहाचे ऑक्साइड उन्हाने सहजी उडत नाहीत. झगझगीत गुलाबी-नारिंगी आधी विटतात.

सीलिंगला ब्राइट व्हाइट नको, उबदार भिंतीवर ते निळं मारतं, ऑफव्हाइट घ्या. आणि भिंती, पडदे, सोफा सगळंच बेज करू नका हो, झोप येते अशा घरात. कोऱ्या मांजरपाटाचे पडदे, वेताची खुर्ची, एखादी काळी घोंगडी, आजीचा पितळी डबा असं काहीतरी खरखरीत, काहीतरी चकचकीत, थोडं काळंही पाहिजे.

बाकी काम नेहमीचंच. ओल असेल तर आधी तिचं मूळ बघा, पाइप की बाहेरची भेग, नाहीतर कितीही भारी पेंटचे पोपडे निघणारच. मग खरवडणं, लांबी म्हणजे पुट्टी भरणं, पॉलिश पेपर, प्रायमर आणि पेंटचे दोन हात, दोन हातांमध्ये चार-सहा तास, दमट हवेत जास्त, भर पावसाळ्यात तर काढूच नका काम. भिंत उंचसखल असेल तर मॅट घ्या, शीन म्हणजे चकाकीच्या पेंटमध्ये लांबीची प्रत्येक पट्टी दिसते, स्वयंपाकघरात मात्र पुसता येणारंच पाहिजे. पेंटर सांगेल तेवढे डबे आणायच्या आधी स्वतः हिशोब करा, दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट, दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३७० चौरस फूट भिंत, गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे १२०-१४० चौरस फूट धरा, म्हणजे तीन लिटर, चार लिटरचा एक डबा झाला. एका खोलीला दोन डबे लागत असतील तर दोन्ही एका बादलीत एकत्र करून मगच लावायला सांगा, मशीनवर मिसळलेल्या दोन डब्यांत किंचित फरक पडतो आणि मातकट रंगात तो लगेच कळतो.

शेड नंबर, पेंटचं नाव आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावून ठेवा. लगेचचा ओरखडा त्यातून बुजतो, पण वर्षा-दोन वर्षांनी डाग पडला तर तेवढ्यापुरता ठिपका लावू नका, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात मारून टाका.