रेस दिली की उजवीकडे, सोडली की डावीकडे

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये मला लागून चार महिने झाले होते, तेव्हा ही गाडी आली. निसान ३५०झेड. दोन सीटची, साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन पुढे आणि इंजिनचा जोर मागच्या चाकांना. मालक तिशीतला, गाडीवर जीव असलेला. त्याने सांगितलं, रेस दिली की गाडी उजवीकडे ओढते. मी जॉबकार्डवर तेवढंच लिहून घेतलं. त्याला आणखी दोन प्रश्न विचारले असते तर त्याचे पैसे आणि आमचे बारा दिवस वाचले असते.

आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकलचा कोर्स करून जी मुलं आता पुण्यात, मुंबईत किंवा आखातात भारी गाड्यांच्या गॅरेजला लागतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंजिनचा बिघाड स्कॅनर निदान कुठे शोधायचा ते तरी सांगतो. गाडी ओढते ही तक्रार मात्र बहुतेक वेळा कुठल्याच कोडमध्ये येत नाही. ती हाताने, सीटवर बसून आणि डोळ्यांनी शोधावी लागते.

मी काय केलं ते आधी सांगतो. चारही टायरची हवा तपासली, ठीक होती. मग रस्त्याच्या उतारावर संशय घेतला. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे थोडा उतार दिलेला असतो. आपल्याकडे डावीकडून चालतो म्हणून गाडी किंचित डावीकडे जाते, तिकडे उजवीकडून चालतात म्हणून उजवीकडे. नव्याने आखातात गेलेला मेकॅनिक इथे हमखास गोंधळतो. पण उताराने गाडी सगळ्या वेळ ओढते. रेस दिल्यावरच का ओढेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

मग गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या कॉम्प्रेशन रॉडचे, म्हणजे पुढच्या चाकाला मागे-पुढे धरणाऱ्या आर्मचे, रबरी बुश चिरलेले दिसले. ३५०झेडला हे बुश जातातच, त्या गाडीचं ते ठरलेलं दुखणं आहे. मला वाटलं, सापडलं. बुश बदलले, बाहेरच्या एका अलाइनमेंटवाल्याकडे पाठवून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, जुळवून घेतली. प्रिंटवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत. गाडी दिली आणि सहा दिवसांनी ती परत आली. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा हिरवे आकडे, पुन्हा तीच ओढ. ते बुश खराब होते हे खरं, पण त्यांचं लक्षण वेगळं. ते गेले की ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरतं. मला एक खराब पार्ट दिसला आणि तक्रार मी त्याच्या गळ्यात बांधली. खराब पार्ट सापडणं आणि तक्रारीचं कारण सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गाडीखाली शिरलं की खराब पार्ट दहा दिसतात.

आमचे फोरमन पेशावरकडचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी जॉबकार्ड वाचलं आणि मालकाला फोन लावून एकच विचारलं, ‘रेस सोडल्यावर काय होतं?’ पलीकडून उत्तर आलं, ‘सोडल्यावर डावीकडे झटका देते. तेही सांगायचं होतं का?’

उस्तादांनी मला गाडीत बसवलं. माझ्याकडे तिथलं लायसन्स अजून नव्हतं, म्हणून मी शेजारच्या सीटवर. आज वाटतं, ते बरंच झालं. स्टेअरिंग हातात असलं की सगळं लक्ष पुढच्या चाकांकडे जातं, हात आपोआप सावरत राहतात आणि बाकीचं काही जाणवत नाही. मोकळा सरळ रस्ता होता. त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली, तशी माझी कंबर सीटमध्ये डावीकडे सरकल्यासारखी झाली आणि गाडीचं नाक उजवीकडे गेलं. रेस सोडली आणि बरोबर उलटं झालं. उस्तादांनी बोटं नुसती टेकवली होती, स्टेअरिंग जागचं हललंही नव्हतं. पुढची चाकं सरळच होती. गाडीला वळवत होतं ते तिचं शेपूट.

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. गोदामातली फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. मागची चाकं डावीकडे वळली की तिचं बूड डावीकडे जातं आणि नाक उजवीकडे. ३५०झेडच्या मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन आहे. म्हणजे चाक बऱ्याच आर्म आणि बुशांच्या भरवशावर सरळ उभं असतं. रेस दिली की टायर जमिनीला मागे ढकलतो आणि चाक गाडीला पुढे. तो जोर आर्मच्या आधारांपासून बाहेरच्या बाजूला, टायरवर लागतो, त्यामुळे चाकाची पुढची कड आत वळायला बघते. मराठीत सांगायचं तर चाक नाक आत घेतं, गॅरेजच्या भाषेत टो-इन. सगळे बुश आणि बोल्ट घट्ट असतील तर हे दोन्ही बाजूंना सारखं आणि अगदी थोडं होतं, गाडी सरळ जाते. एकाच बाजूला काहीतरी ढिलं असेल तर तेच चाक जास्त वळतं. उजवं मागचं चाक आत वळलं म्हणजे त्याचं तोंड डावीकडे, बूड डावीकडे, नाक उजवीकडे. रेस सोडली की इंजिन चाकाला मागे धरतं, चाक बाहेर उघडतं आणि सगळं उलट होतं. रेसवर एका बाजूला आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला, हे लक्षण मिळालं तर सगळ्यात आधी मागचं सस्पेन्शन बघा.

मला हे का सुचलं नाही, यावर मी नंतर बराच विचार केला. आयटीआयत आम्ही शिकलो ते कमानपाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या गाडीवर. मागे एक अखंड एक्सल, दोन्ही चाकं एकाच नळीला. मागच्या चाकाला टो असतो हेच डोक्यात बसलेलं नव्हतं. पण खरं तर हा रोग मी लहानपणापासून बघत आलो होतो. माझ्या मामांचं हायवेला कमानपाट्यांचं दुकान आहे. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर एखादा ट्रक तिरका चालताना तुम्ही पाहिला असेल, तोंड एकीकडे आणि हौदा दुसरीकडे. मामा लांबूनच सांगायचे, ‘याचा सेंटर बोल्ट तुटलाय.’ पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, यू-बोल्ट ढिले पडले की एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि ट्रक खेकड्यासारखा जातो. तोच प्रकार इथे एका चाकापुरता होता. ज्ञान घरात होतं, मला ते या गाडीला लावता आलं नाही.

परत आल्यावर गाडी लिफ्टवर गेली. चार खांबांची, जिच्यावर गाडी चाकांवरच उभी राहते, ती लिफ्ट. हेही महत्त्वाचं आहे. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबकळतात, बुश पिळवटलेल्या स्थितीत असतात आणि ढिलेपणा लपतो. उस्तादांनी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन मागच्या प्रत्येक आर्मच्या टोकाला हलका नेट दिला आणि मला बोट लावून बघायला सांगितलं. रबर थोडं दबलं तर चालतं. लोखंड लोखंडावर सरकलं तर ते बोटाला लगेच कळतं.

३५०झेडमध्ये मागची स्प्रिंग ज्या आर्मवर बसते, त्याच्या आतल्या टोकाला एक्सेंट्रिक बोल्ट असतो. त्याचं वॉशर मध्यापासून सरकलेलं असतं, त्यामुळे बोल्ट फिरवला की आर्म आत-बाहेर होतो आणि टो जुळवता येतो. डावीकडच्या वॉशरवर सगळीकडे सारखी वाळू आणि मळ चिकटलेला होता. उजवीकडच्या वॉशरभोवती मात्र अर्ध्या चंद्रासारखा एक पट्टा नाण्यासारखा चकचकीत होता. त्या पट्ट्यावर धूळ बसायला वेळच मिळत नव्हता, कारण वॉशर तिथे सतत घासत होतं.

तरी उस्तादांनी लगेच पाना लावला नाही. पांढऱ्या मार्करने वॉशर आणि ब्रॅकेट दोन्हींवरून एक सरळ रेघ मारली, गाडी खाली घेतली, दहा मिनिटं फिरवून आणली आणि पुन्हा वर घेतली. रेघ तुटली होती. वॉशरवरचा तुकडा ब्रॅकेटवरच्या तुकड्यापासून काडेपेटीच्या काडीएवढा बाजूला गेला होता. त्या बोल्टचा नट पूर्ण आवळलेलाच नव्हता. मशीनवर उभी असताना गाडी सरळ दिसायची, कारण तिथे जोर नव्हता. जोर लागला की बोल्ट सरकायचा.

मग आम्ही दोन्ही अलाइनमेंटच्या प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या. मी फक्त शेवटचे हिरवे आकडे बघितले होते. प्रत्येक प्रिंटवर जुळवण्याआधीचेही आकडे असतात. पहिल्या वेळी जुळवून पाठवलेली गाडी सहा दिवसांनी परत मशीनवर चढली, तेव्हा पुढचे आकडे होते तसेच होते, मागच्या डाव्या चाकाचा टोही तोच, आणि मागच्या उजव्या चाकाचा मात्र बदललेला. न हलणाऱ्या गोष्टीचा आकडा सहा दिवसांत बदलत नाही. रोगाचं निदान त्या कागदावरच छापलेलं होतं. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाकडे जुन्या प्रिंट मागतोच.

बोल्ट आणि वॉशर नवीन टाकले. टो जुळवून नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळला, आणि तोही गाडीचं वजन चाकांवर असताना. चाकं लोंबकळत असताना बुशाचा बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही चूक मी नंतर कितीतरी चांगल्या हातांना करताना पाहिली आहे.

आता याच तक्रारीची बाकीची कारणं, कारण प्रत्येक गाडीत बोल्टच ढिला असेल असं नाही. मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत माझा दुसरा संशय टायरवर असतो. या ३५०झेडला मागे २४५/४५ आर १८ टायर होते, घेर साधारण २१३ सेंटिमीटर. एका बाजूला नवीन टायर आणि दुसऱ्या बाजूला ४ मिलिमीटर झिजलेला असेल तर घेरात सुमारे २५ मिलिमीटरचा फरक पडतो. एका किलोमीटरमध्ये चाक ४७० वेळा फिरतं, म्हणजे जवळपास १२ मीटरचा फरक. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, त्यामुळे तो फरक गिळून टाकतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखं फिरवायला बघतो, आणि रेस दिल्यावर गाडी लहान टायरच्या बाजूला ढकलली जाते. अशा डिफरन्शियलच्या गाडीला पंक्चर झालं म्हणून मागे एकच नवीन टायर टाकला का, हे विचाराच. तपासायला खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकला आणि टेपने मोजा, दहा मिनिटांचं काम आहे.

पुढचा टायरच ओढतोय असं वाटलं तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. ओढ बाजू बदलली तर टायर दोषी. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे नुसतं चाक बदलून जमत नाही, टायर रिमवरून उतरवावा लागतो.

अडकलेला ब्रेक रेस असो नसो ओढतो, आणि फेरी मारून आल्यावर त्या बाजूचं रिम इतरांपेक्षा गरम लागतं. डिस्कला हात लावू नका, लांबून तापमान दाखवणारा थर्मामीटर वापरा. अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणला नसेल तर स्टॅबिलिटी कंट्रोलला, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेला, गाडी वळतेय असं वाटतं आणि ते एखादं चाक ब्रेकने धरतं. तेव्हा डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो का ते शेजारी बसणाऱ्याने बघायचं.

पोलो जीटीआय, ऑक्टाव्हिया आरएससारख्या पुढच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे जोरही पुढच्या चाकांना आणि वळणंही त्यांच्याकडेच. भरपूर रेस दिल्यावर स्टेअरिंग हातात थोडं वळणं हा त्या रचनेचाच भाग आहे. फोर्डने २००९च्या फोकस आरएसला सुमारे ३०० हॉर्सपॉवर पुढच्या चाकांना दिली, तेव्हा हे आवरायला पुढचं सस्पेन्शनच वेगळ्या रचनेचं करावं लागलं. तिथे गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न असा: हे पहिल्यापासून होतं की नव्याने सुरू झालं? नव्याने आणि एकाच बाजूला असेल तर लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग आणि टायर बघा.

तुम्ही नवीन आहात, तर पहिलं वर्षभर शक्य तितक्या टेस्ट ड्राइव्हला शेजारच्या सीटवर बसा. चालवायला कोणी लगेच देणार नाही, पण बसू द्या म्हटलं तर नाही म्हणत नाहीत. एक वही ठेवा. माझ्या वहीत ओढण्याच्या तक्रारीचं एक पान आहे, त्यावर उस्तादांचेच प्रश्न आहेत: रेसवर की सगळ्या वेळ? सोडल्यावर काय होतं? ब्रेक मारल्यावर? स्टेअरिंग हातात वळतं की जागेवर राहून गाडी सरकते? कधीपासून, आणि त्याच्या आधी कोणतं काम झालं होतं? शेवटच्या प्रश्नाने सगळ्यात जास्त गाड्या सुटल्या.

त्या ३५०झेडच्या नव्या बोल्टवर मी स्वतः पांढरी रेघ मारली आणि मालकाला पाचशे किलोमीटरनंतर यायला सांगितलं. तो आला. लिफ्टखाली जाऊन बॅटरी लावली, रेघेवर धूळ बसली होती आणि ती सरळ होती. कॉम्प्रेशन रॉडच्या बुशांची मजुरी उस्तादांनी त्याला परत दिली.