शेजारी पोरीचं लग्न ठरलंय अन् ती १५-१६ ची आहे, मग काय करायचं

आपल्याकडं दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला जायची वेळ आली की घाई सुरू होते, मंगळवेढा सांगोला करमाळा कुठंबी बघा, पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून उरकून टाकतात, शिवाय नवरा-बायकोच्या जोडीनं कोयता, म्हणजे ऊसतोडीचं काम, मिळतो.

पहिलं म्हणजे १०९८ ला फोन लावा, चाइल्डलाइन, फ्री आहे, रात्रीबी लागतो. नाव सांगायचं नसेल तर गुप्त ठेवा म्हणायचं. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला तारीख, ठिकाण अन् पोरीची शाळा एवढं कळवा. वयाचं भांडण नको, शाळेचा दाखला बोलतो. हळद लागायच्या आधीच कळवा हां, मांडवात पोलीस आले की पोरीलाच जास्त बोलणी बसतात.

आईबापाशी बोलताना कायदा नंतर काढा (२००६ चा आहे, २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् १ लाखापर्यंत दंड). आधी तब्येतीचं बोला. पोरीचं अंग अजून वाढतंय, कमरेचं हाड पुरतं भरलेलं नसतं, त्यात रक्त कमी, म्हणून बाळंतपणात अडतं, बीपी वाढून झटके येतात, बाळ कमी वजनाचं होतं. आईला हे पटकन समजतं, तिचं स्वतःचंबी बहुतेक असंच झालेलं असतं.

लग्न होऊन गेलं असंल तरी पोरगी २० ची होईस्तोवर कोर्टात ते रद्द करून घेऊ शकते. दिवस गेले असतील तर लपवू नका, आशाताईंकडं लगेच नाव नोंदवा.