येऊरचा हिरवा, सहा ट्यूबांत

ठाण्यात पश्चिमेची खिडकी असेल आणि समोर अजून टॉवर उभा राहिला नसेल, तर तैलरंगातला हिरवा शिकायला येऊरचा डोंगर पुरेसा आहे. जुलैत तो एकसारखा हिरवागार वाटतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. दुकानातून हिरव्याची ट्यूब येते, त्यात पांढरा मिसळला जातो आणि डोंगर प्लास्टिकच्या कुंडीतल्या झाडासारखा दिसू लागतो. त्यामुळे हिरव्याची ट्यूब घेऊच नका. काळ्याचीही पहिलं वर्षभर नको.

सहा ट्यूबा पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, अल्ट्रामरीन ब्लू, फ्थॅलो ब्लू, क्विनॅक्रिडोन रोझ आणि बर्न्ट सिएना. घेताना रंगाच्या नावावर जाऊ नका, मागे बारीक अक्षरात छापलेला पिगमेंटचा, म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा, क्रमांक वाचा. अल्ट्रामरीनला पीबी २९, फ्थॅलोला पीबी १५, रोझला पीव्ही १९. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर आत मूळ पिगमेंटऐवजी दुसऱ्या पिगमेंटची भरती असते. अलिझरीन क्रिमसन (पीआर ८३) दिसायला देखणा, पण उजेडात उडतो, म्हणून यादीत रोझ आहे.

आता मिश्रण. चिंचोक्याएवढा लेमन यलो पॅलेटवर घ्या आणि त्यात मोहरीएवढा फ्थॅलो नाइफच्या (रंग कालवायच्या बोथट सुरीच्या) टोकाने ओढा. नेहमी पिवळ्यात निळा घालायचा. उलट केलंत तर फ्थॅलो सगळं गिळतो आणि अर्धी ट्यूब पिवळा ओतावा लागतो. हा झाला झणझणीत पोपटी, भाताच्या कोवळ्या रोपांचा. येऊरवर तो क्वचितच दिसतो. डोंगराचा मुख्य हिरवा अल्ट्रामरीनमधून येतो: अंदाजे ४ भाग लेमन यलो, १ भाग अल्ट्रामरीन. अल्ट्रामरीन मुळात तांबड्याकडे झुकलेला, त्यामुळे हा हिरवा आपोआप मवाळ होतो. तरी ओरडत असेल तर कणभर बर्न्ट सिएना घाला, शेवाळी होईल. गर्द सावलीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना निम्मे-निम्मे घेऊन जवळजवळ काळा करा, मग त्यात थोडा पिवळा. प्रत्येक कंपनीच्या ट्यूबेची ताकद वेगळी असल्याने ही मापं सुरुवातीपुरतीच.

(पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, आमसुली: साडीच्या दुकानातली ही नावं रंग ओळखायला कुठल्याही रंगचक्रापेक्षा जास्त कामाची आहेत.)

मिसळलेला रंग जुळला की नाही, हे पॅलेटकडे बघून कळत नाही. करड्या कार्डाला १ सेंटिमीटरचं भोक पाडा, एक डोळा मिटून त्यातून डोंगराचा एकच तुकडा बघा आणि नाइफवरचा रंग भोकाशेजारी धरा. आधी गडदपणा जुळवा, मग पिवळ्याकडे की निळ्याकडे ते ठरवा, शेवटी भडकपणा. हे खिडकीला चिकटूनच करा. खोलीच्या आत नाइफवर उजेड कमी पडतो आणि योग्य रंगही काळपट भासतो.

दूरच्या रांगेसाठी तोच हिरवा १ भाग, अल्ट्रामरीन २, पांढरा ४ आणि रोझचा एक ठिपका. धुकट पावसात रोझ वगळा. उन्हातली झाडं उजळायला मात्र पांढऱ्याकडे धावू नका, हिरव्याला खडूची कळा येते. तिथे पिवळा वाढवा. बैठक एका वेळी दोन तासांचीच ठेवा: सकाळी ऊन समोरून पडतं तेव्हा डोंगर पिवळसर असतो, चारनंतर सूर्य त्याच्या मागे जातो आणि तोच निळा-जांभळा होतो. दोन्ही एकाच कॅनव्हासवर आले की चित्र कुठल्याच वेळेचं राहत नाही.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, दुसरा ट्यूबेतला तसाच, शेवटच्यात जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब. क्रम उलटला तर वरचा थर आधी धरतो, खालचा तेलकट थर नंतर सरकतो आणि भेगा पडतात. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल वापरू नका, ते मागे तेलकट अंश ठेवतं. तैलरंग हवेतला ऑक्सिजन शोषून वाळतो. बर्न्ट सिएना दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, जाड पांढऱ्याला आठवडा सहज लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. वाळतं चित्र कपाटात ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. भिंतीलाही टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा, नाहीतर ऑगस्टपर्यंत कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते.

तेलाची फडकी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकणं धोक्याचं आहे. वाळताना तेल तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडली नाही तर फडकं आपोआप पेटू शकतं. एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं निवळ पुन्हा चालतं.

व्हार्निशची घाई नको. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते आणि खालचे गडद हिरवे धुरकट होतात. जुलैत केलेल्या चित्राला जानेवारीत, कोरड्या दुपारी, एकच पातळ हात द्या.